मांगरासारखं घर बांधायचंय, पण मांगरात राहायचं नाहीये

केरीकर_झील · रात्री ११:३५

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमची गोव्यात सत्तरी तालुक्यात केरीच्या पुढे आजोबांची थोडी जागा आहे. वर काजूची मोरड (डोंगरउतारावरची जमीन), खाली चार रांगा पोफळी, मध्ये एक मांगर, म्हणजे शेतीच्या कामाची उघडी शेड. मूळ घर मातीचं होतं ते कधीच बसलं, जोतं आणि तुळस तेवढी शिल्लक आहे. मांगर मात्र ठणठणीत. कोपऱ्याचे खांब चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे), मधले लाकडी, वर मंगळुरी कौलं, दोन बाजूंना भिंत आणि दोन बाजूंना काहीच नाही, पावसात तिथे माडाच्या पानांचे विणलेले झाप बांधायचे. लहानपणी सुट्टीत जायचो तेव्हा बघितलंय, मार्चपासून मे संपेपर्यंत तिथे काजूची भाटी (दारू गाळायची भट्टी), एका कोपऱ्यात बोंडं तुडवायची कोळंबी, सगळीकडे तो वास. जूनच्या आधी भाटी उचलली की लाकडं, तण (वाळलं गवत) आणि नांगर आत. भात कापलं की मळणी होईपर्यंत भारे तिथेच, मग सुपारी, मग नारळ. एका वर्षी काकाच्या लग्नाची जेवणावळ पण त्यातच झाली. म्हणजे एकच छप्पर आणि वर्षभरात पाच कामं, आणि प्रत्येक वेळी वाटायचं की हे याचसाठी बांधलंय.

मला घर असं हवंय. आत्ता मी आणि बायको, नोकऱ्या पणजीत, म्हणजे शनिवार-रविवार. पाचसहा वर्षांत आईबाबा कायमचे तिथे राहायला येतील, बाबांचे गुडघे आत्ताच बोलायला लागलेत. पुढे कधी जमलं तर एकदोन खोल्या होमस्टेला. त्याच्या पुढचं देवाला माहीत. सगळं एकदम बांधायला पैसे नाहीत आणि बांधून ठेवायची इच्छा पण नाही.

एका आर्किटेक्टकडे गेलो, मांगराचे फोटो दाखवले, त्याला खूप आवडले. आठवड्याने थ्रीडी पाठवलं. काळा स्टीलचा सांगाडा, वीस फूट उंच काच, आत डबल हाईट, वर लोखंडी जिना चढून बेडरूम. दिसायला एकदम भारी. आईने मोबाईल हातात घेऊन बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘ह्यात माटोळी खंय बांदतली?’ म्हणजे चवथीला गणपतीच्या वर फळांची माटोळी टांगतात ती कुठे बांधणार? मला उत्तर देता आलं नाही.

तर प्रश्न असा की जुन्या मांगरातून, गोठ्यातून नेमकं घ्यायचं काय? दिसणं तर नको, मग काय? आणि टप्प्याटप्प्याने वाढणारं घर कोणी खरंच बांधलंय का इथे?

पेडण्याचो पावणो · रात्री ११:५२

फॉलो करतोय. काचेचं म्हणशील तर सत्तरीच्या पावसात वीस फूट काच पुसणार कोण ते आधी ठरव.

दोनपाखी · सकाळी ६:१०

केरीकर, प्रश्न आवडला म्हणून सकाळचा चहा बाजूला ठेवून लिहितो. मी सिव्हिलमधला, आता रिटायर्ड, डिचोलीचा. आमच्याकडे घर मोजताना लोक खोल्या सांगत नसत, खण सांगत. तीन खणी घर, पाच खणी घर. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, आणि ते ठरायचं लाकूड किती लांबीचं मिळतंय त्यावरून. मांगरातून घ्यायची पहिली गोष्ट हीच. खांब, तुळई आणि छप्पर एका मापात बसवायचं, आणि खांबांच्या मधे भिंत घालायची की दार की नुसता झाप हे त्या त्या वर्षी ठरवायचं. छपराचं वजन खांबांवर गेलं की मधली भिंत रिकामी होते, ती उद्या काढली तरी घर हलत नाही. तुझ्या मांगरात भाटी आणि जेवणावळ दोन्ही बसली ती याच कारणाने.

आता वाढवायचं कसं. आपल्याकडे घर वाढतं ते पडवीने. पाखा, म्हणजे छपराची उतरती बाजू, आहे तसाच खाली ओढायचा आणि नवीन खांबांवर टेकवायचा. सोपं वाटतं, पण इथेच सगळे फसतात, कारण हिशोब आधी केलेला नसतो. मंगळुरी कौलाला साधारण ३० अंशांचा उतार धरलास तर प्रत्येक फुटाला छप्पर सात इंच खाली येतं. म्हणजे आठ फुटांची पडवी काढलीस की चार फूट आठ इंच गेले. तू आज भिंत नऊ फुटांवर थांबवलीस (सगळे तिथेच थांबवतात, बेडरूम म्हटलं की नऊ-दहा फूट) तर पाच वर्षांनी पडवीचा बाहेरचा खांब सव्वाचार फुटांचा येईल, त्यात कोंबड्या ठेव. तीच भिंत आज बारा फुटांवर नेलीस तर पडवीत सात फूट चार इंच मिळतात, माणूस ताठ उभा राहतो. त्या जादा तीन फूट चिऱ्याचे पैसे आज द्यायचे, बाकी नंतर बघायचं. मधला गाळा सोळा फूट रुंद धरलास तर आढं जमिनीपासून सोळा फूट आठ इंचांवर जातं, म्हणजे माळा फुकट मिळाला, जुन्या घरात नारळ-कांदे ठेवायचे तसा, आणि गरम हवा पण डोक्यावरून जाते.

दुसरं म्हणजे चारी बाजूंनी उतरतं छप्पर दिसायला सुंदर, पण लांबीत वाढवता येत नाही, कोन्याचे वासे सगळे उचकटावे लागतात. ज्या टोकाला पुढे खण जोडायचा असेल तिथे दोनपाखी ठेव, त्रिकोणी भिंत. आणि त्या टोकाच्या चिऱ्याच्या भिंतीला दाते सोडून ठेव, नवीन भिंत आली की सांध्यात गुंतते. नाहीतर पहिल्या पावसात दोन भिंतींच्या मधे उभी चीर पडलीच समज.

कच्चं स्केच काढून पाठव, बघतो.

सोपो_आणि_जनेल · सकाळी ९:२०

दोनपाखी काकांचं गणित पटलं पण एक शंका. सत्तरीत बारा फूट उंच भिंत, पडवी नाही, आणि पाऊस पश्चिमेकडून नैऋत्येकडून आडवा येतो. चिरा पाणी पितो. नवीन चिरा तर अजून मऊ असतो, हवा खाऊन खाऊन तो घट्ट होतो. पहिल्या दोन पावसाळ्यांतच आतून ओल येईल आणि बायको म्हणेल हेच का तुझं मांगर.

दोनपाखी · सकाळी ९:४१

बरोबर पकडलंस बाबा. म्हणून पश्चिमेची आणि दक्षिणेची पडवी पहिल्या दिवशीच बांधायची, ती हौस नाही, ती घराची छत्री. नंतरसाठी राखून ठेवायची ती पूर्व आणि उत्तर. आणि वाढायचं टोक पण पूर्वेचंच ठेव, त्रिकोणी भिंतीला पावसाचा मार नको. जोत्याला खाली काळा दगड घाल, चिरा थेट मातीत बसवू नकोस, आणि जोत्यावर डीपीसी (ओल वर चढू न देणारा थर) विसरू नकोस, कंत्राटदार विसरतात.

फोंड्याची वैनी · दुपारी २:०५

जेवणं आवरून लिहिते. केरीकर, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग, बाईने एका वाक्यात आर्किटेक्ट उडवला.

मी लग्न होऊन आले ते राजांगणाच्या (मधे चौक असलेल्या) घरात, सावई-वेरेंच्या बाजूला कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत. लोक येतात, फोटो काढतात, किती छान म्हणतात आणि जातात. रोज राहणाऱ्याला विचारा. माझ्या हिशोबाने आपलं घर पुरतं की नाही ते कळतं चवथीला, गणपतीत. एरवी आम्ही सहा माणसं, चवथीला चाळीस. सगळी एकाच वसरीत (ओसरीत) झोपतात, तिथेच भजन, तिथेच पंगत, माटोळीला वरच्या तुळईलाच दोर लागतो, नारळ-सुपारीचे घड, रानातली फळं, भोपळे धरून वजन काही कमी होत नाही, जिप्समच्या सीलिंगला टांगून बघा म्हणावं! म्हणून मधली एक जागा मोठी ठेवा आणि तिच्यावर छपराचं लाकूड उघडं ठेवा, हुक मारता येईल असं. आणि त्या जागेला दारं दोन्ही बाजूंनी, मोठी, कारण बंद खोलीत चाळीस माणसं म्हणजे भाजी.

दुसरं, पावसाळ्यात चार महिने कपडे कुठे वाळणार? हे कुठल्याच प्लॅनवर नसतं. आमच्या मागच्या पडवीत न्हाणी, तिथेच पाणी तापवायचं भाण, त्याच्या ऊबेत दोऱ्या. आता गिझर आला तरी कपडे अजून तिथेच वाळतात. ओलं काम सगळं एका बाजूला ठेवा, न्हाणी, संडास, मोरी, स्वयंपाकघर, एका रांगेत. मोठ्या घराच्या चार कोपऱ्यांत चार बाथरूम काढली की चार ठिकाणी पाइप, चार ठिकाणी गळती. आमच्या जावेने काढलीत, विचारा तिला. (नको विचारू.)

आणि हो, गोठा असेल आणि त्याची खोली करायची ठरवत असाल तर माझं ऐका. आमचा गोठा रिकामा झाल्यावर नवऱ्याने हौसेने सिमेंटचा गिलावा मारून गेस्टरूम केली. एका वर्षात भिंतीवर पांढरी पावडर, रंगाचे पोपडे, परत गिलावा, परत तेच. इतकी वर्षं गुरांचं मूत मुरलेलं असतं त्या चिऱ्यात, त्याचं मीठ बाहेर येतंच, लोणा म्हणतात त्याला. सिमेंटने कोंडलं की ते गिलाव्यालाच ढकलून पाडतं. शेवटी सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला, तो पण खालून दरवर्षी थोडा झडतो, मग आम्ही दरवर्षी तेवढाच लावतो. आता तिथे वॉशिंग मशीन आणि स्कूटर. खोली म्हणून नाद सोडला.

केरीकर_झील · दुपारी २:४८

वैनी आईला वाचून दाखवलं, हसून हसून खोकला आला तिला.

काका, बारा फूट कळलं. रात्री जागून कागदावर काढून बघतो. एक अडचण, जोतं किती उंच? मेस्त म्हणतो निदान अडीच फूट हवं, पाणी आणि सापांसाठी. पण बाबांचे गुडघे...

दोनपाखी · दुपारी ३:३०

रॅम्पला एकास बारा उतार धरतात, म्हणजे अडीच फूट चढायला तीस फूट लांब रॅम्प. घराच्या पुढ्यात ठेवलास तर हॉस्पिटल दिसेल. त्यापेक्षा पडवीच्या कडेने लांबीला लांबी ने, वर छप्पर असतंच, पावसात पाय घसरणार नाही. पण तुझी जागा उताराची आहे ना? मग वरच्या अंगाने आत ये, तिथे जमीन आपसूक जोत्याला भिडते, एक पायरी पण लागणार नाही. फक्त वरच्या बाजूला खोल चर मारायला हवा, डोंगराचं पाणी घरात येण्याआधी वळलं पाहिजे. आणि आईबाबांच्या खोलीचं आणि बाथरूमचं दार तीन फुटी ठेव आजच. दार नंतर रुंद करणं म्हणजे चिरा कापणं, धूळ, भांडण.

तेरेखोल_ते_पत्रादेवी · संध्याकाळी ६:१५

मी बांधलंय असं, म्हणजे बांधायला गेलो होतो. पेडण्यात, समुद्रापासून फार लांब नाही. २०१८ मध्ये. काय चुकलं ते सांगतो, काय बरोबर आलं ते घरी येऊन बघ.

लाकूड महाग आणि चांगलं मिळायला वेळ लागतो म्हणून सांगाडा एमएस (साध्या लोखंडाच्या) बॉक्स पाइपचा केला, वर मंगळुरी कौलं. पाइप तोंडं बंद न करता वेल्ड केले होते, आत पाणी गेलं, खारी हवा वेगळीच, तीन वर्षांत आतून गंज. बाहेरून रंग चकाचक. आता प्रत्येक तोंड बंद करून घेतो, प्रायमर दोन हात. तुझ्याकडे खारी हवा नाही पण पाऊस आमच्या दीडपट, तेव्हा लक्ष ठेव. आणि माकडं! कौलावरून उड्या मारतात, दर हंगामात शेकड्याने कौलं फुटतात. शेजाऱ्याने कंटाळून कौलाखाली पत्रा घातला, गळती थांबली पण उन्हाळ्यात भट्टी, कारण मधली हवा बाहेर जायला आढ्याला वाट नाही ठेवली. करायचंच तर वाट ठेव.

पण खरी चूक वेगळीच. होमस्टेच्या नादात पहिल्याच दिवशी चार खोल्या चिऱ्याच्या भिंती घालून पक्क्या केल्या, प्रत्येकीला अटॅच्ड बाथरूम. २०२० ला कोविड आला, पाहुणे बंद. घरी आम्ही तिघं आणि चार संडास. पोराला ऑनलाईन शाळेला एक जागा हवी, आईला भात वाळवायला जागा हवी, आणि आमच्याकडे सगळीकडे भिंती. त्या दिवसांत कळलं की बाबा ते घर नाही, लॉज बांधलाय. आता मधली एक भिंत पाडली, तिथे लाकडी फ्रेम आणि बांबूच्या तट्ट्यांना दोन्ही बाजूंनी मातीचा गिलावा मारलाय. एका दिवसात उभी राहिली, एका दिवसात निघेल. बांबू आधी वाहत्या पाण्यात भिजत ठेवला होता, गोडवा निघून जातो म्हणतात, नाहीतर भुंगा लागून पीठ पडतं.

गंमत म्हणजे आमच्याकडे कूड म्हणजे खोली आणि कोकणात वर रत्नागिरीकडे कूड म्हणजे काठ्यांची लिंपलेली भिंत. मी आमच्या मेस्ताला सांगितलं कुडाची भिंत हवी, तो विचारतो खोलीची भिंत म्हणजे कुठली? अर्धा तास गेला.

होमस्टे करणार असशील तर टुरिझमकडे १९८२ च्या टुरिस्ट ट्रेड कायद्याखाली नोंदणी लागते, ते नंतरचं, पण खोलीचं वेगळं दार आत्ताच ठेव, पाहुणा तुमच्या देवघरासमोरून जाता कामा नये.

आराखडा_अर्धा · रात्री ८:०२

आर्किटेक्चरची स्टुडंट, थर्ड इयर. दादा तुमच्या आर्किटेक्टची बाजू कोणी घेत नाहीये म्हणून थोडी घेते 😄 स्टील वाईट नाही, उंची पण वाईट नाही, काकांनीच बारा फूट सांगितलेत. फक्त त्याने मांगराचं चित्र घेतलं, वागणं नाही घेतलं.

वाढणाऱ्या घरांचं बघायचं असेल तर लांब कुठे जायला नको. चार्ल्स कोरिया, मुळचं घराणं गोव्याचंच, पणजीची कला अकादमी त्यांची. त्यांनी ऐंशीच्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला घरं केली, दोन घरांमध्ये सामाईक भिंतच नाही, प्रत्येकाची भिंत प्रत्येकाची आणि मधे मोकळी जागा, म्हणजे शेजाऱ्याला न विचारता वाढवता येतं. आम्हाला प्रोफेसरांनी आधी मूळ फोटो दाखवले आणि मग आत्ताचे. ओळखू येत नाहीत! मजले चढलेत, गच्च्या आल्यात, मूळचं कौलारू घर कुठेतरी आत हरवलंय. काही जणांना वाईट वाटलं, मला उलट वाटलं की चला, जे सांगितलं होतं ते झालं की. आणि जवळचं म्हणजे तोर्ड्याला जेरार्ड दा कुन्हांचं हाऊसेस ऑफ गोवा म्युझियम आहे, रस्त्याच्या मधोमध जहाजासारखी तिकोनी इमारत, तिथे जुन्या घरांचे तुकडेच ठेवलेत, खिडक्यांचे शिंपले, दारं, कौलं. आईबाबांना घेऊन जा. जनेलाला काचेऐवजी शिंपले बसवायचे तेव्हा लोक, उजेड येतो आणि डोळे दिपत नाहीत, वीस फूट काचेपेक्षा ते बघा.

एकचौदा · रात्री ९:१८

सगळे कौलांवर बोलताय, कागदावर कोणीच नाही, म्हणून मी वाईट माणूस होतो.

केरीकर, आधी एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) काढ आणि बघ त्यावर आजोबांचंच नाव आहे का, कुळाच्या रकान्यात कोण आहे, आणि इतर हक्कात काय लिहिलंय. सत्तरीत मोकाशांच्या (जुन्या वतनदारांच्या) जमिनींचा घोळ जुना आहे, पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्याचं नाव कागदावर नसतं, घर बांधायला गेल्यावर कळतं. मग सर्व्हे प्लॅन काढ. पडलेल्या घराचं जोतं आणि मांगर त्यावर दाखवलेत का? ते फार महत्त्वाचं. दाखवलेलं असेल तर बोलायला जागा आहे. नसेल तर पंचायतीची घरपट्टी भरल्याने काही कायदेशीर होत नाही, हा गैरसमज सोड.

शेती किंवा बागायत असेल तर बांधकामासाठी जमीन रूपांतराची सनद लागते, १९६८ च्या लँड रेव्हेन्यू कोडचं कलम ३२. त्याआधी टीसीपीकडून (नगरनियोजन खात्याकडून) झोन बघून घे. तू केरीचा म्हणजे अंजुणे धरण जवळ, जागा कालव्याच्या कमांड एरियात (पाणी मिळणाऱ्या क्षेत्रात) येते का ते मुद्दाम विचार, तिथे रूपांतर होत नाही. आणि पश्चिम घाटाच्या इको-सेन्सिटिव्ह मसुद्यात गोव्यातली १०८ गावं होती २०२४ ला, त्यात सत्तरीतली बरीच, तुझं आहे का बघून ठेव.

झाडं तोडणार असशील तर १९८४ च्या ट्री ॲक्टखाली परवानगी. माड पण. २०१६ ला सरकारने माडाला झाडाच्या व्याख्येतून काढलं होतं, किती गोंधळ झाला आठवतो ना, मग परत आत घेतला. तेव्हा माड झाड आहे, सध्या तरी.

सोपो_आणि_जनेल · रात्री ९:३०

‘सध्या तरी’ 😂

तेरेखोल_ते_पत्रादेवी · रात्री ९:५५

एकचौदा साहेब खरं बोलतात. माझं बांधकाम सहा महिन्यांचं होतं आणि कागद दोन वर्षांचे. झील, या वेळेत एक काम कर, मांगरात जाऊन राहा. चेष्टा नाही करत. मे महिन्यात एक आठवडा आणि जुलैमध्ये एक आठवडा, खाट टाकून. वारा कुठून येतो, पाऊस कुठून मारतो, सकाळचं ऊन कुठे पडतं, संध्याकाळी डास कुठून येतात, हे कुठलाही आर्किटेक्ट सांगू शकणार नाही.

फोंड्याची वैनी · रात्री १०:१२

जुलैमध्ये नको रे त्याला पाठवूस, जळवा आहेत तिकडे.

केरीकर_झील · रविवार, रात्री ८:४०

उशीर झाला उत्तर द्यायला. शनिवारी गावी गेलो होतो, बाबा आणि मी, टेप घेऊन. मांगर मोजला.

काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. चार खण, प्रत्येक खण साडेसात फुटांच्या आसपास, एक इंच इकडेतिकडे. बाबा म्हणाले आजोबांनी फूटपट्टी कधी वापरली नाही, पाच हात मोजायचे आणि काठीवर खूण करायची. मधल्या तुळया किंदळाच्या लाकडाच्या आहेत, एकीला वाळवी लागलीय, बाकी चाकू टोचला तर आत जात नाही. आणि मजा म्हणजे पूर्वेच्या भिंतीला चिऱ्यांचे दाते सोडलेलेच आहेत! मी लहानपणी त्याच्यावर पाय ठेवून चढायचो, मला वाटायचं ती शिडी आहे. बाबांना विचारलं तर म्हणाले, तुझ्या आजोबांना तिकडे अजून दोन खण काढायचे होते, मग आजी आजारी पडली आणि राहिलं.

तर आता मनात वेगळंच आलंय. नवीन घर मांगरासारखं बांधण्यापेक्षा मांगरालाच ते दोन खण जोडले तर? सर्व्हे प्लॅनवर मांगर आहे, मी आजच बघितला, जोतं पण आहे. एकचौदा, उतारा सोमवारी काढतो, कुळाचा रकाना आठवणीत आहे. भिंतीची उंची मात्र साडेनऊच भरते, म्हणजे मांगराला पडवी काढायची तर डोकं आपटणारच, तिथे काय करता येईल काका? पाख्याला मधेच पायरी देऊन पडवीचं छप्पर थोडं खाली वेगळं घेतात तसं बघितलंय मी कुठेतरी, पण त्याने हिशोब सुटत नाही, अजून खालीच जातं ना ते?

दोनपाखी · रविवार, रात्री ९:२५

अजून खालीच जातं, बरोबर. दोन उपाय आहेत. एक, पडवी आठ नको, चार फूट घे, साडेनऊमधून सव्वादोन जातील, सव्वासात उरतात, ये-जा आणि कपडे वाळवायला भरपूर. किंवा पडवीचा उतार कमी कर आणि त्यावर कौलाऐवजी पत्रा टाक, पत्र्याला कमी उतार चालतो, पण मग पावसाचा आवाज ऐकत झोप. मी असतो तर मांगर जसा आहे तसा वसरी म्हणून ठेवला असता, म्हणजे वैनींची चवथ तिथे, आणि नवीन दोन खणांची भिंत बारा फूट नेली असती, मोठी पडवी त्यांनाच. छप्पर दोन पातळ्यांत येईल, जिथे जुनं छप्पर नव्या उंच भिंतीला भिडतं तिथे पन्हळ नीट घाल, जस्ताचा पत्रा भिंतीत आत खुपसून. गळती तिथेच होणार, दुसरीकडे कुठे नाही.

दाते किती इंच बाहेर आहेत? आणि त्यांच्यावर शेवाळ असेल तर घासून धुवून घे, मग फोटो टाक. त्या दात्यांवर नवीन चिरा बसवण्याआधी जुना चिरा ठोकून बघायचा, आवाज कसा येतो ते.

केरीकर_झील · रविवार, रात्री ९:५०

पुढच्या शनिवारी ठोकून बघतो. आई म्हणते काजू संपेपर्यंत मांगराला हात लावायचा नाही, या वर्षी मामा भाटी लावणार आहेत तिथे.